फिनिशरमध्ये सोया तेल ४ टक्के, चरबी मऊ पडते: पाम तेलावर जावं का आणि कधी?

फीडमिक्सर_५००:

नमस्कार मंडळी. मांसल कोंबड्यांचं मॅश खाद्य आहे, मिक्सर व्हर्टिकल, ५०० किलोची बॅच. फिनिशर (शेवटच्या टप्प्याचं खाद्य) २२व्या दिवसापासून ४०व्या दिवसापर्यंत चालतं. सध्याचा फॉर्म्युला: मका ६१ टक्के, सोयापेंड ३१ टक्के, सोया तेल ४ टक्के. उरलेल्या ४ टक्क्यांत डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), चुनखडी, मीठ, लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्लं आणि प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण). स्टार्टरला (सुरुवातीच्या खाद्याला) सोया तेल २ टक्के.

वजन आणि एफसीआर (किलो वजनवाढीला लागणारं खाद्य) यांची तक्रार नाही. अडचण ड्रेसिंगनंतरची आहे. पोटातली चरबी थंड केल्यावरही घट्ट होत नाही, बोटाने दाबली की ओघळते. कातडी तेलकट लागते, कधी कधी फाटते. पाकिटाच्या तळाशी पिवळट तेल साचतं.

प्रश्न असे:

१) सोया तेल काढून सगळ्या टप्प्यांत पाम तेल घातलं तर चालेल का?
२) पाम तेलात लिनोलेइक आम्ल (खाद्यातूनच मिळावं लागणारं मेदाम्ल) कमी असतं. १ टक्क्याची किमान गरज भागेल ना?
३) पावडर स्वरूपातलं बायपास फॅट (गाई-म्हशींच्या खाद्यातली चरबी) मिसळायला सोपं पडतं. तेलाऐवजी तेच वापरलं तर?
४) तेल घेताना कोणत्या तपासण्या खरोखर उपयोगाच्या आहेत? विक्रेता फक्त एफएफए (सुट्या मेदाम्लांचं प्रमाण) सांगतो.

——

पोषणगणित:

आधी एक गाठ सोडवू. कातडी फाटणं आणि चरबी मऊ असणं या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. पिसं सैल करायच्या पाण्याचं तापमान ५८ ते ६० अंशांवर गेलं की कातडीचा वरचा पापुद्रा निघून जातो आणि हाताला तेलकट लागायला लागतं. ५० ते ५३ अंशांना तो टिकतो. शिवाय धड आतपर्यंत ४ अंशांवर आलंच नसेल तर चरबी कुठलीही असो, मऊच लागणार. हे दोन्ही पाहून घ्या. पण थंड केल्यावरही चरबी ओघळते आणि पाकिटात तेल उतरतं, हे खाद्यातलंच दुखणं आहे.

कारण साधं आहे. गाई-शेळ्यांच्या पोटातले जीवाणू असंतृप्त मेदाम्लांना हायड्रोजन जोडून बरीचशी संतृप्त करून टाकतात, म्हणून त्यांची चरबी बहुतेक वेळा घट्टच. कोंबडीकडे ही सोय नाही. खाद्यातलं मेदाम्ल थोड्याफार फरकाने तसंच्या तसं चरबीच्या पेशीत जाऊन बसतं. सोबत यकृत पिष्टापासून स्वतःची चरबी बनवतं आणि ती मुख्यतः पामिटिक (संतृप्त) आणि ओलेइक (एकअसंतृप्त), म्हणजे त्यातल्या त्यात घट्ट असते. पण खाद्यात तेल वाढलं, विशेषतः लिनोलेइकसारखं बहुअसंतृप्त, की यकृताचं हे काम मंदावतं. म्हणजे दोन्हीकडून चरबी पातळ होत जाते.

आता तुमच्या फॉर्म्युल्यातला मेद मोजू:

मक्यातून: ६१ टक्के × ३.६ टक्के तेल = २.२
सोयापेंडीतून: ३१ टक्के × १.२ टक्के = ०.३७
वरून घातलेलं तेल: ४.०
एकूण सुमारे ६.५७ टक्के

मक्याच्या तेलात लिनोलेइक साधारण ५६ टक्के, सोया तेलात ५३, पाम तेलात १०. त्यावरून खाद्यातलं लिनोलेइक:

चारही टक्के सोया: १.२३ + ०.१९ + २.१२ = ३.५४ टक्के
चारही टक्के पाम: १.२३ + ०.१९ + ०.४० = १.८२ टक्के
निम्मं-निम्मं: २.६८ टक्के

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं. १ टक्क्याची गरज एकटा मका भागवतो, वरून कुठलं तेल घालता याच्याशी तिचा संबंध उरत नाही. लिनोलेइकची काळजी करायची ती मका काढून ज्वारी, गहू किंवा तांदळाची कणी घातली तेव्हा. त्यांच्यात तेलच कमी असतं.

खरा प्रश्न असंतृप्त आणि संतृप्त मेदाम्लांच्या गुणोत्तराचा आहे. मका आणि सोया तेलात संतृप्त भाग १४-१५ टक्के, पाम तेलात जवळपास निम्मा. तुमच्या खाद्यात हे गुणोत्तर असं येतं:

सगळं सोया: ५.८
निम्मं-निम्मं: २.९
सगळं पाम: १.८

गुणोत्तर वाढत जातं तशी मेदातून मिळणारी ऊर्जा वाढते. साधारण २.५ पर्यंत ती भराभर वाढते, पुढे वेग कमी होतो आणि ४ च्या वर फारसा फायदा राहत नाही. ५.८ वर तुम्हाला जास्तीची ऊर्जा मिळत नाही, फक्त चरबी पातळ होते. १.८ वर चरबी घट्ट होईल पण पचन मार खाईल. निम्मं-निम्मं योग्य जागी बसतं.

आयोडीन व्हॅल्यूनेही (ती जितकी जास्त तितका मेद असंतृप्त आणि पातळ) हेच दिसतं. सोया तेल १३०, मका तेल १२५, पाम ५३ धरा. खाद्यातल्या एकूण मेदाची सरासरी आज १२८ आहे, निम्मं-निम्मं केल्यावर १०५, सगळं पाम केल्यावर ८१. हे आकडे खाद्यातल्या मेदाचे आहेत, कोंबडीच्या चरबीचे नव्हेत. यकृताची स्वतःची चरबी मिसळल्यामुळे कोंबडीचा आकडा याहून खाली असतो. पण खाद्याचा आकडा हलला की तोही त्याच दिशेने हलतो.

आणि हे बदल संपूर्ण ४० दिवस करायची गरज नाही. २६व्या दिवसापासून ४०व्या दिवसापर्यंत वजन जवळपास दुप्पट होतं आणि चरबीचा मोठा भाग याच काळात साठतो. आधीची पातळ चरबी नव्या चरबीत मिसळून सौम्य होते. म्हणून २७व्या दिवसापर्यंत सोया तेल आहे तसं चालू द्या आणि शेवटचे १२-१३ दिवस मिश्रण द्या. शेवटच्या ३-४ दिवसांत बदल केला तर मात्र काही हाती लागत नाही.

ऊर्जेचा हिशेब राहिला. वाढत्या कोंबडीसाठी सोया तेल किलोला ८,८०० किलोकॅलरी आणि पाम ८,००० धरलं तर २ टक्के बदलल्यावर खाद्यात किलोमागे १६ किलोकॅलरी कमी पडतात. मका काढून १ टक्का तेल घातलं की साधारण ५४ किलोकॅलरी वाढतात, म्हणजे ही तूट ०.३ टक्के जादा तेलाने भरून निघते. सोया २ टक्के, पाम २.३ टक्के, मका ६०.७. ऊर्जा तीच राहते, त्यामुळे लायसिनला हात लावायचं कारण नाही. पण पुढे कधी तेल वाढवून ऊर्जाच वाढवलीत, तर अमिनो आम्लंही त्याच प्रमाणात वाढवा. नाहीतर कोंबडी ऊर्जेपुरतं खाऊन थांबते, प्रथिन कमी पोहोचतं आणि उरलेली ऊर्जा पोटात चरबी म्हणून बसते.

——

ब्रूडर_नोंदी:

वरचं गणित बरोबर आहे, पण पहिल्या प्रश्नातल्या "सगळ्या टप्प्यांत" या शब्दांवर थांबायला हवं. पहिल्या दहा दिवसांत पाम तेल नको. का नको ते नीट सांगतो, कारण पुष्कळ जण फक्त "पिल्लांना पचत नाही" एवढंच ऐकून असतात.

पिल्लाचं स्वादुपिंड लायपेज (मेद फोडणारं एन्झाइम) कमी सोडतं आणि पित्तक्षारही कमी असतात. मेद पचायला दोन पायऱ्या आहेत. मेदाचा रेणू, ट्रायग्लिसराइड, म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. लायपेज त्याच्या दोन टोकांची मेदाम्लं सोडवतं, मधलं ग्लिसरॉलला चिकटून राहतं. मग पित्त या सगळ्याचे बारीक गोळे करतं आणि ते आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचतात. लिनोलेइक, ओलेइक यांना या गोळ्यात शिरायला फार पित्त लागत नाही, ती आपणहून मिसळतात. पामिटिक आणि स्टिअरिक ही संतृप्त मेदाम्लं सुटी झाली की पाण्यात विरघळत नाहीत, पित्तावाचून ती अडून बसतात.

आता पाम तेलाची गंमत अशी की त्यातलं पामिटिक बहुतांश टोकांच्या जागी असतं, मधे ओलेइक. म्हणजे लायपेजने कातरल्यावर पामिटिक सुटंच होतं. सुट्या पामिटिकला आतड्यात कॅल्शियम भेटलं की त्याचा साबण होतो. हा साबण पचत नाही, थेट विष्ठेत जातो. ऊर्जा गेली आणि कॅल्शियमही गेलं. अशा पिल्लांची विष्ठा फिकट राखाडी, मेणचट असते. बोटांत चोळली तर पाण्याने सहज धुऊन जात नाही. गादी (शेडमधला भुशाचा थर) वरून ओली दिसत नाही पण थापल्यासारखी होते. हे दिसलं की जंतनाशक किंवा अँटिबायोटिक शोधण्याआधी तेलाचा डबा बघा.

म्हणून प्री-स्टार्टर आणि स्टार्टरला सोया तेलच, १.५ ते २ टक्के. थोडं खोबरेल चालू शकतं, कारण त्यातलं लॉरिक आणि त्याहून लहान मेदाम्लं पित्तावर फारशी अवलंबून नसतात. पचनक्षमता दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुधारते, पाम त्यानंतर. लायसोलेसिथिनसारखं इमल्सिफायर (मेद पाण्यात मिसळायला मदत करणारं) टनाला २५० ते ५०० ग्रॅम घातलं तर पाममिश्रित खाद्यात उपयोग दिसतो. नुसत्या सोया तेलावर त्याचा फरक मोजण्याइतका मिळत नाही, तिथे खर्च करू नका.

आता बायपास फॅट. हे कोंबडीसाठी नाहीच. ते म्हणजे पाम मेदाम्लांचा कॅल्शियम साबण, वर सांगितलेला तोच साबण, फक्त कारखान्यात बनवलेला. गाईच्या पहिल्या पोटातून न विरघळता पुढे जावा आणि चौथ्या पोटातल्या तीव्र आम्लात फुटावा, यासाठी त्याची रचना आहे. कोंबडीच्या पेषणीत तो थोडाफार फुटतो, पण लहान आतड्यात आम्लता उतरली की पामिटिक आणि कॅल्शियम पुन्हा एकत्र येतात. शिवाय त्यात ८-९ टक्के कॅल्शियम असतं. २ टक्के घातलं तर खाद्यात ०.१६ ते ०.१८ टक्के कॅल्शियम वाढलं, जे फॉर्म्युल्यात कुणी मोजलेलं नसतं. मग फॉस्फरस अडकतो आणि पाय अधू झाले की दोष डीसीपीवर येतो.

दुसऱ्या प्रकारचं पावडर फॅट असतं, हायड्रोजन जोडून किंवा पाम स्टिअरिन (पाम तेलाचा घट्ट भाग) वेगळं काढून घट्ट केलेलं. त्यात कॅल्शियम नसतं, पण जवळपास सगळं संतृप्त. मिसळायला सोपं, पचायला अवघड. पिशवीवर "९९ टक्के फॅट" छापलेलं असतं. ते खरंच असतं, पण कोंबडीला त्यातलं किती मिळतं हे पिशवी सांगत नाही.

——

जुना_फॉर्म्युला:

शेवटचे दहा दिवस पूर्ण पाम तेल द्या, इतकं गणित कशाला? चरबी बर्फीसारखी घट्ट होते.

——

पोषणगणित:

घट्ट होते, मान्य. पण गुणोत्तर १.८ वर आलं की ऊर्जेची घट वरच्या हिशेबापुरतीच राहत नाही. पूर्ण पामला ८,००० हा आकडाही जास्तच ठरतो, कारण तो इतर असंतृप्त मेद सोबत असताना मिळतो. असंतृप्त मेदाम्लं संतृप्तांना पित्ताच्या गोळ्यात ओढून नेतात. सोबती कमी झाले की पामची स्वतःची पचनीयता घसरते. म्हणून तेलाची ऊर्जा हा त्या तेलाचा कायमचा आकडा नसून मिश्रणावर ठरणारा आकडा आहे. एफसीआरमधली घसरण शेवटच्या दहा दिवसांतच सर्वात महाग पडते, कारण एकूण खाद्याचा मोठा वाटा तेव्हाच खाल्ला जातो.

आणखी एक. बहुअसंतृप्त तेलावरच्या कोंबड्यांत पोटातली चरबी संतृप्त मेदावरच्या कोंबड्यांपेक्षा वजनाने कमी भरते, हे अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे. तेव्हा पाम जितकं वाढवाल तितकी चरबी घट्ट होईल, पण थोडी जास्तही साठेल.

——

लॅबवाला:

चौथा प्रश्न माझ्या कामाचा. एफएफए एकटा पाहून तेल घेऊ नका, तो चारांतला एक आहे.

एफएफए म्हणजे सुटी मेदाम्लं. ती विषारी नसतात, पण सुटी असल्यामुळे साबण लवकर होतो आणि ऊर्जा घटते. संतृप्त तेलात हा तोटा जास्त. पिल्लांच्या खाद्यासाठी ५ टक्क्यांच्या आत ठेवा. फिनिशरला सोया तेल १०-१५ टक्के एफएफएचं असेल तर चालवता येतं, फक्त ऊर्जा कमी धरा. तेल शुद्ध करताना उरणाऱ्या अ‍ॅसिड ऑइलमध्ये हा आकडा ५० च्या पुढे असतो आणि पाम डिस्टिलेटमध्ये ८० च्या पुढे. त्यांना तेलाच्या ओळीत तेलाची ऊर्जा देऊन टाकणं ही फॉर्म्युल्यातली नेहमीची चूक.

तपासणी स्वतः करता येते. ५ ग्रॅम तेल, ५० मिली उदासीन केलेला अल्कोहोल, फिनॉल्फथॅलीनचे काही थेंब, गरम करून ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याने टायट्रेट करा, गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकेपर्यंत. लागलेले मिली × ०.१ × २८.२ ÷ ५ = टक्के एफएफए, ओलेइकमध्ये मोजलेलं. ७ मिली लागले तर ३.९५ टक्के.

पेरॉक्साइड व्हॅल्यू खवटपणाची सुरुवात सांगते. ताज्या तेलाला ५ च्या आत, १० च्या वर गेलेलं पिल्लांना देऊ नका. पण हा आकडा फसवतो. खवटपणा वाढतो तसा तो आधी चढतो, मग पेरॉक्साइड फुटून अल्डिहाइड बनतात आणि आकडा पुन्हा उतरतो. तळणीचं वापरलेलं तेल याच युक्तीने चाचणीत पास होतं: पेरॉक्साइड २, पण वास जुनाट आणि दोन बोटांत ताणलं की तार सुटते. म्हणून सोबत अ‍ॅनिसिडिन व्हॅल्यू (या अल्डिहाइडांचं माप) मागा. पेरॉक्साइडची दुप्पट अधिक अ‍ॅनिसिडिन म्हणजे टोटॉक्स. एकट्या पेरॉक्साइडपेक्षा हा आकडा बराच प्रामाणिक.

तिसरी गोष्ट, पाणी, गाळ आणि अनसॅपॉनिफायेबल भाग (ज्याचा साबण होत नाही तो). पाणी आणि गाळ मिळून १ टक्क्याच्या आत हवं. पाण्याची घरगुती परीक्षा: पळीत थोडं तेल घेऊन शंभर अंशांच्या वर तापवा, तडतडलं तर पाणी आहे. अनसॅपॉनिफायेबल सोया तेलात १.५ टक्क्यांपर्यंत असतं, त्याहून बरंच जास्त निघालं तर खनिज तेलाच्या भेसळीचा संशय घ्या. खनिज तेलातून कोंबडीला ऊर्जा मिळत नाही.

चौथी, आयोडीन व्हॅल्यू. सोया म्हणून दिलेलं तेल १२४ ते १३९ च्या बाहेर असेल तर ते शुद्ध सोया नाही. तुमची तक्रारच चरबीच्या घट्टपणाची आहे, त्यामुळे हा आकडा तुम्हाला एफएफएपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

नमुना कसा घेता यावर सगळं अवलंबून आहे. पिंपाच्या वरून काढलेला नमुना नेहमी चांगला येतो, कारण पाणी आणि गाळ तळाला. लांब नळीने वर, मधे आणि तळाशी असे तीन नमुने घेऊन एकत्र करा.

पाम तेलाबद्दल खास: ते ३३ ते ३९ अंशांच्या दरम्यान वितळतं. थंडीत पिंपात घट्ट भाग खाली बसतो आणि पातळ भाग वर राहतो. म्हणजे एकाच पिंपाच्या पहिल्या बादलीत ओलेइक जास्त, शेवटच्या बादलीत पामिटिक जास्त. आठवड्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या बॅचचं खाद्य वेगळं पडतं. वापरण्याआधी पूर्ण पिंप ५० अंशांपर्यंत गरम करून ढवळा, मगच काढा. ६० च्या वर नेऊ नका आणि रोज तेच पिंप तापवू नका. पिंपाला पितळी नळ असेल तर बदला. तांबं खवटपणाला उत्तेजन देतं, अगदी किरकोळ प्रमाणातही.

अँटिऑक्सिडंट, बीएचटी किंवा तत्सम, तेल ताजं असतानाच घालायचं. ते खवटपणा थांबवतं, झालेला खवटपणा परत फिरवत नाही. आणि प्रीमिक्समध्ये ई जीवनसत्त्व आहे म्हणून खाद्य सुरक्षित, असं समजू नका. ते अ‍ॅसिटेट स्वरूपात असतं. पिशवीत ते निष्क्रिय पडून राहतं, कोंबडीच्या आतड्यात अ‍ॅसिटेट सुटल्यावरच काम करतं. म्हणजे शरीरातल्या मेदाला ई जीवनसत्त्व, पिशवीतल्या तेलाला अँटिऑक्सिडंट. दोन्ही लागतात. खवट तेलाने ई जीवनसत्त्व संपलं तर दोन ते चार आठवड्यांच्या पिल्लांत तोल जाणं, मान वाकडी होणं, पाठीवर पडून पाय मारणं दिसतं. हे मेंदूला झालेलं नुकसान आहे. राणीखेत रोगाशी गल्लत होते.

——

फीडमिक्सर_५००:

सगळ्यांचे आभार. बायपास फॅटचा विचार सोडला. दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, मिसळण्याची पद्धत. सध्या मका, पेंड, प्रीमिक्स टाकून मिक्सर चालू केला की लगेच २० लिटरची एक बादली तेल वरून ओततो, मग १५ मिनिटं. खाद्यात वाटाण्याएवढे गोळे राहतात.

दोन, याच बदलात थोडं जवस तेल घालून ओमेगा-३ वाढवता येईल का? की चरबी पुन्हा पातळ होईल?

——

पोषणगणित:

बादलीतच एक चूक सापडली. २० लिटर तेल म्हणजे २० किलो नव्हे. तेलाची घनता ०.९२, त्यामुळे बादलीत १८.४ किलो येतं. तुमचं ४ टक्के तेल प्रत्यक्षात ३.७ टक्के आहे आणि खाद्याची ऊर्जा किलोमागे साधारण १८ किलोकॅलरीने कमी पडते आहे. मी वर केलेली गणितं ४ टक्क्यांची आहेत, निष्कर्ष तोच राहतो. पण यापुढे तेल वजनावर घ्या.

गोळे का होतात तर तेल कोरड्या मिश्रणाआधीच पडतं. जिथे धार पडली तिथली भुकटी भिजून लगदा होते आणि जीवनसत्त्वं, मेथिओनिन त्या गोळ्यात अडकतात. म्हणजे काही पिल्लांना दुप्पट, काहींना नाही. क्रम असा ठेवा: मका आणि पेंड, मग प्रीमिक्स आणि बाकी बारीक घटक ५-१० किलो मक्याच्या भरड्यात आधी हाताने मिसळून. व्हर्टिकल मिक्सर कोरडा १० मिनिटं चालवा. मग ४०-५० अंशांचं तेल छिद्रांच्या नळीतून किंवा नोझलने ३-४ मिनिटांत बारीक सोडा, चालू मिक्सरमध्येच. त्यानंतर आणखी ५ मिनिटं, बस. स्क्रूला आणि तळाशी तेलकट थर जमतो, तो आठवड्यातून एकदा खरवडून फेकून द्या. पुढच्या बॅचला तोच खवटपणाचं विरजण लावतो.

व्हर्टिकल मिक्सरला ४ टक्क्यांच्या आसपासचं तेल ही वरची मर्यादा समजा. पुढे पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) करायचं ठरलं तर मिक्सरमध्ये २ टक्क्यांपर्यंतच घाला आणि उरलेलं पेलेट तयार झाल्यावर बाहेरून फवारा. त्याहून जास्त आत घातलं की डायमध्ये (पेलेट पाडणाऱ्या छिद्रांच्या साच्यात) दाब बनत नाही, पेलेट ठिसूळ होतात.

——

ब्रूडर_नोंदी:

जवस तेलाबद्दल. त्यात अल्फा-लिनोलेनिक आम्ल (ओमेगा-३ गटातलं) ५५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून १ टक्का पुरतो. सोया १, पाम २, जवस १ असं धरलं तर खाद्यातलं लिनोलेइक २.३ टक्के आणि लिनोलेनिक ०.६७ टक्के होतं, या दोघांचं गुणोत्तर साडेतीनला एक. तुमच्या आजच्या खाद्यात ते जवळपास अकराला एक आहे. इथे पामची दुहेरी मदत होते: चरबीला घट्टपणा देतं आणि लिनोलेइक कमी करून गुणोत्तरही सुधारतं. लिनोलेइक आणि लिनोलेनिक एकाच एन्झाइमवर हक्क सांगतात, त्यामुळे जवस वाढवण्यापेक्षा लिनोलेइक उतरवणं अनेकदा जास्त कामी येतं.

पण अपेक्षा नीट ठेवा. मांसात वाढतं ते मुख्यतः लिनोलेनिकच. लांब साखळीच्या ओमेगा-३ पैकी ईपीए थोडं वाढतं, डीएचए जवळपास हलत नाही, कारण कोंबडीत ते रूपांतर मर्यादित आहे. डीएचए हवं तर मासळीचं तेल किंवा सूक्ष्म शैवाल लागतं. मासळीचं तेल १ टक्क्याच्या वर नको आणि कत्तलीआधी एक-दोन आठवडे बंद, नाहीतर मांसाला वास राहतो. लिनोलेनिक मांडीत आणि कातडीत जास्त साठतं, छातीत मेदच कमी असल्याने तिथे एकूण प्रमाण कमी येतं. कातडी काढून विकणार असाल तर बराचसा फायदा कातडीबरोबर जातो.

जवसाच्या बिया दळून घालू नका, तेलच घ्या. बियांत बी-६ जीवनसत्त्वाला विरोध करणारं लिनाटिन असतं आणि चिकट म्युसिलेजमुळे विष्ठा चिकट होऊन गादी खराब होते. तेल मात्र लहान, भरलेल्या, बंद डब्यात घ्या. जवस तेलाची आयोडीन व्हॅल्यू १७० च्या पुढे असते, अर्धवट रिकाम्या डब्यात ते फार लवकर बिघडतं. आणि ई जीवनसत्त्व खाद्यात किलोला १५० ते २०० मिग्रॅ ठेवा, सेलेनियम ०.३ मिग्रॅ. ई जीवनसत्त्व शेवटच्या आठवड्यात सुरू करून उपयोग नाही, पेशींच्या आवरणात साठायला तीन-चार आठवडे लागतात. ते नसलं तर मांस फ्रीजमध्ये दोन दिवसांत जुनाट वास मारतं, आणि ओमेगा-३ च्या नावाने बोंब होते.

तुमच्या जागी मी दोन्ही बदल एकदम करणार नाही. आधी सोया-पाम मिश्रणाची एक खेप काढा, चरबी घट्ट होते का पाहा, मग जवस.

——

फीडमिक्सर_५००:

ठीक. मग २८व्या दिवसापासून ५०० किलोला सोया १० किलो, पाम ११.५ किलो, मका ३०३.५ किलो. पाम पिंप आधी गरम करून ढवळायचं, दोन्ही तेलं एकाच बादलीत एकत्र करून सोडायची. बरोबर?

——

पोषणगणित:

बरोबर. आणि थंडीत दोन्ही तेलं गरम असतानाच एकत्र करा. गार सोया तेलात वितळलेलं पाम ओतलं तर स्टिअरिनचे पांढरे कण धरतात आणि नोझल तुंबतं.

——

लॅबवाला:

पहिल्या खेपेची पोटातली चरबी वितळवून आयोडीन व्हॅल्यू काढून घ्या. आत्ताच्या, फक्त सोयावरच्या खेपेचीही एक काढून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? प्रत्येकी पाच-सहा कोंबड्यांची चरबी एकत्र करून एक नमुना, एवढं पुरे.